परदेशातल्या मित्राला काय विचारायचं, कसं विचारायचं

पहिल्या पत्रात जी चूक बहुतेक जण करतात, ती मीही केली. ‘तुमच्या देशाची संस्कृती कशी आहे? हवामान कसं असतं? कोणते प्राणी आढळतात?’ असे तीन भलेमोठे प्रश्न मी ट्रॉम्सोच्या मैत्रिणीला धाडले. ट्रॉम्सो हे नॉर्वेच्या उत्तर भागातलं, आर्क्टिक वृत्ताच्याही वरचं शहर. तिचं उत्तर आलं, सभ्य आणि निरुपयोगी: थंडी असते, लोक शांत आहेत, रेनडिअर दिसतात. दोष तिचा नव्हता. परीक्षेतला प्रश्न विचारला की परीक्षेतलंच उत्तर येतं.

पुढच्या खेपेला मी एवढंच विचारलं, ‘हिवाळ्यानंतर तुझ्या खिडकीत पहिलं ऊन कधी येतं?’ यावर तिनं दोन पानं लिहिली. ट्रॉम्सोत नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. दुपारच्या सुमारास काही तास निळसर संधिप्रकाश असतो, तेवढाच. गणितानं तो जानेवारीच्या मध्याला उगवतो, पण शहराच्या दक्षिणेला डोंगर आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष दिसायला साधारण २१ तारीख उजाडते. आणि तिच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ऊन आधी पोचतं, मग रोज थोडं थोडं खाली उतरतं. ही शेवटची गोष्ट कुठल्याही पुस्तकात सापडली नसती.

तेव्हापासून माझा नियम असा: प्रश्न देशाला विचारायचा नाही, त्या देशातल्या एका खिडकीशी बसलेल्या माणसाला विचारायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच नियमातून निघाल्या आहेत.

पायरी १ : आधी तारीख आणि घड्याळ जुळवा

हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. ‘५/६’ म्हणजे कुणाला ५ जून, तर अमेरिकेतल्या माणसाला ६ मे. मी या घोळात एकदा बोलण्याची ठरलेली वेळ चक्क महिनाभरानं चुकवली आहे. वेळ सांगताना स्वतःची वेळ आणि यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दोन्ही द्या. सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात. नेपाळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे. शिवाय युरोपात आणि अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, पण एकाच दिवशी नाही. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी करतो, अमेरिका दुसऱ्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे नेहमीचा हिशेब चुकतो.

मग एकमेकांना तीन गोष्टी कळवा: अक्षांश (नुसता पूर्णांक पुरे), समुद्रसपाटीपासूनची उंची आणि समुद्र किती लांब आहे. हवामानावरच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं या तीन आकड्यांत असतात. लंडन आणि कॅनडातलं कॅल्गरी जवळपास एकाच अक्षांशावर, ५१ अंशांच्या आसपास. लंडनला समुद्र आणि पश्चिमेचे दमट वारे उबदार ठेवतात, तिथे बर्फ पडला तरी फारसा टिकत नाही. कॅल्गरी खंडाच्या आत, हजार मीटरहून उंचावर. तिथला पारा उणे वीसच्याही खाली जातो. मित्राचा अक्षांश तुमच्याएवढाच असेल आणि हवा मात्र निराळी असेल, तर पहिला चांगला प्रश्न आयताच मिळाला.

पूर्ण पत्ता या टप्प्यावर देऊ नका. त्याबद्दल पुढे.

पायरी २ : प्रश्न छाटा

प्रश्न लिहून झाला की स्वतःला विचारा, याचं उत्तर विश्वकोशात मिळेल का? मिळणार असेल तर मित्राचा वेळ कशाला घ्यायचा? मग त्या प्रश्नाला एक जागा, एक वेळ आणि एक माणूस जोडा. ‘तुमच्याकडे पाऊस किती पडतो?’ याऐवजी ‘मागच्या वेळी अचानक पाऊस आला तेव्हा तू कुठे होतास, आणि आजूबाजूच्या लोकांनी काय केलं?’ लोक धावले, की तसेच चालत राहिले? छत्री होती, की टोपी ओढून घेतली? उत्तरात हवामान आणि रीतभात दोन्ही एकदम येतात.

‘मागच्या वेळी’ हे दोन शब्द फार कामाचे आहेत. ‘नेहमी काय होतं’ विचारलं की माणूस आपल्या देशाची बाजू सांभाळून बोलायला लागतो. ‘मागच्या वेळी काय झालं’ विचारलं की आठवून सांगतो.

ऋतूंचंही तसंच. ‘तुमच्याकडे ऋतू किती?’ याला ‘चार’ असं एका शब्दाचं उत्तर येईल. ‘ऋतू बदलला हे तुला कशावरून कळतं?’ असं विचारून पाहा. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले नूंगार लोक सहा ऋतू मानतात. बिराक हा कोरडा उन्हाळा, मकुरू हा थंड आणि ओला काळ. आणि एक संपून दुसरा लागला हे तारखेवरून नव्हे, तर झाडं, प्राणी आणि वारा पाहून ठरतं. जपानच्या जुन्या पंचांगात वर्षाचे ७२ तुकडे आहेत, प्रत्येक जेमतेम पाच दिवसांचा. फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या तुकड्याचं नाव साधारण ‘पूर्वेचा वारा बर्फ वितळवतो’ असं आहे. ज्या माणसाला पाच-पाच दिवसांची नावं वारशानं मिळाली आहेत, त्याला ‘हिवाळा कसा असतो’ म्हणून काय विचारणार!

एका पत्रात तीनपेक्षा जास्त प्रश्न नकोत. माझ्या मते दोनच बरे.

पायरी ३ : प्रश्नाबरोबर आपलं उत्तर जोडा

जो प्रश्न विचाराल त्याचं तुमचं स्वतःचं उत्तर त्याच पत्रात लिहा, आणि आधी लिहा. याचे दोन फायदे. एक म्हणजे चौकशी वाटत नाही. दुसरा जास्त महत्त्वाचा: तुमच्या उत्तराची लांबी पाहून समोरच्याला कळतं की एवढं बारीक लिहिलं तरी चालेल. उत्तर लिहायला बसल्यावर आपला प्रश्न किती भोंगळ होता हेही लगेच लक्षात येतं. मी कित्येक प्रश्न याच टप्प्यावर खोडले आहेत.

पायरी ४ : हवा मोजा, उपकरणं नसली तरी

‘आज खूप गरम होतं’ या वाक्याला दोन देशांत दोन अर्थ असतात. म्हणून आकडे हवेत, आणि ते दोघांनी एकाच पद्धतीनं घेतलेले हवेत.

तापमान सावलीत, हवा खेळती असेल अशा जागी, जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास मोजायचं. भिंतीवर ऊन पडत असेल तर तुम्ही भिंतीचं तापमान मोजताय. मित्र अमेरिकेत असेल तर आकडा फॅरनहाइटमध्ये येईल. त्यातून ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. उणे ४० ला मात्र दोन्ही मापं एक होतात, तिथे भांडण नाही.

पावसासाठी सपाट बुडाची, सरळ कडांची बरणी उघड्यावर ठेवा आणि सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीनं पाण्याची खोली मोजा. ‘माझी बरणी रुंद आहे, मग पाणी जास्त नाही का साचणार?’ ही शंका हमखास येते. पाणी जास्त साचतं, पण ते पसरतंही तेवढंच, म्हणून खोली तीच राहते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी, हे मित्राला सांगितलं की आकड्याला वजन येतं.

वारा मोजायला काहीच लागत नाही. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्टनं १८०५ मध्ये वाऱ्याची ० ते १२ अशी श्रेणी बसवली, ती जहाजांच्या शिडांवरून. पुढे जमिनीवरच्या खुणाही तिला जोडल्या गेल्या. धूर सरळ वर जातो तेव्हा ०. चेहऱ्याला वारा जाणवतो, पानं सळसळतात तेव्हा २. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले की ४. मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री आवरेनाशी होते तेव्हा ६. आकाश किती झाकलंय हे आठ भागांत सांगतात. अंगणात आरसा आडवा ठेवून त्यात किती भाग ढगांनी भरलाय ते बघायचं. ‘आज ढग पाच अष्टमांश, वारा चार’ एवढं पत्राच्या माथ्यावर लिहायची सवय लावली की वाचणारा तुमच्या अंगणात उभा असल्यासारखा वाचतो.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. आज काय आहे ती हवा. हवामान ठरवायला निदान ३० वर्षांची सरासरी घेतात. जागतिक हवामान संघटनेचा सध्याचा संदर्भकाळ १९९१ ते २०२० असा आहे. मित्राचा एक थंड आठवडा ऐकून त्याच्या देशाच्या हवामानावर मत बनवू नका, आणि हवामानबदल खोटा ठरला असंही म्हणू नका.

पायरी ५ : दोघांनी मिळून सावली मोजा

नवख्यांना मी हा प्रयोग आवर्जून करायला सांगतो, कारण इथे दोघांची उत्तरं एकत्र आल्याशिवाय काहीच हाती लागत नाही.

एक मीटरची काठी सपाट जमिनीवर अगदी उभी रोवा. ओळंबा लावून पाहा. ठरलेल्या दिवशी दुपारी दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सगळ्यांत आखूड सावली ती खरी मध्यान्हाची. घड्याळाचे बारा आणि ही वेळ बहुधा जुळत नाहीत, घाबरू नका. सावलीची लांबी भागिले काठीची उंची, आणि त्याचा व्यस्त स्पर्शक (कॅल्क्युलेटरवर टॅनच्या वर उणे एक असलेलं बटण) घेतला की कोन मिळतो. मित्रानंही त्याच तारखेला, त्याच्या मध्यान्हाला हेच करायचं.

समजा तुमची सावली ३६ सेंटिमीटर आणि मित्राची १२८ सेंटिमीटर आली. कोन साधारण २० आणि ५२ अंश, फरक ३२ अंश. नकाशावर दोन्ही ठिकाणांतलं फक्त दक्षिणोत्तर अंतर काढा. तिरकं अंतर नाही. ते ३५५० किलोमीटर असेल, तर ३५५० भागिले ३२ गुणिले ३६०, म्हणजे जवळपास ३९,९४० किलोमीटर. पृथ्वीचा दक्षिणोत्तर परिघ ४०,००८ किलोमीटर आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातला ७.२ अंशांचा कोन घेऊन हेच गणित मांडलं होतं. दक्षिणेकडच्या सायीनी शहरात वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो ही माहिती, आणि दोन शहरांतलं अंतर, एवढं त्याला पुरलं.

एक खाच आहे. एकाची सावली उत्तरेकडे आणि दुसऱ्याची दक्षिणेकडे पडत असेल, तर कोन वजा न करता मिळवायचे. आमचं पहिलं उत्तर सपशेल चुकलं ते इथेच. सावलीची दिशा लिहून ठेवायला दोघंही विसरलो होतो.

हे जड वाटलं तर सोपी आवृत्ती: २० मार्च, २१ जून, २२ सप्टेंबर आणि २१ डिसेंबर या दिवसांचा सूर्योदय-सूर्यास्त एकमेकांना कळवा. मार्च आणि सप्टेंबरमध्ये तुमचे दोघांचे दिवस जवळपास सारखे, बारा तासांचे निघतील. जून आणि डिसेंबरमध्ये ते किती फाकतात हे बघताना अक्षांश म्हणजे काय हे नकाशाविनाच उमजतं.

मित्र दक्षिण गोलार्धात असेल तर एका रात्री दोघांनी चंद्राचं चित्र काढा. फोटो नको, चित्रच. कला एकच असते, पण तुमच्याकडे उजवीकडून उजळलेली कोर त्याच्याकडे डावीकडून उजळलेली दिसते. मेलबर्नचा माझा मित्र अजूनही म्हणतो की उलटा चंद्र माझा आहे.

पायरी ६ : झाडं-पाखरं, आणि नावांचा गोंधळ

बोलीतल्या नावांवर विसंबू नका. इंग्लंडमधला रॉबिन आणि अमेरिकेतला रॉबिन हे वेगवेगळ्या कुळांतले पक्षी आहेत. युरोपातून गेलेल्या लोकांना तिकडे लालसर छातीचा पक्षी दिसला आणि त्यांनी घरचं नाव देऊन टाकलं. म्हणून शास्त्रीय नाव विचारा: पहिला एरिथॅकस रुबेक्युला, दुसरा टर्डस मायग्रेटोरियस. नाव माहीत नसेल तर आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर फोटो टाकता येतो. पण त्याआधी बोलीतलं नाव आणि त्याचा शब्दशः अर्थ मागून घ्या, कारण गंमत त्यातच असते.

मग असं काहीतरी शोधा जे दोघांकडे आहे. घरभिंतींवर मातीची घरटी करणारी भिंगरी, हिरुंडो रस्टिका, उत्तर गोलार्धात विणीसाठी राहते आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे निघते. एकाच्या दारातून ती कधी गेली आणि दुसऱ्याच्या दारात कधी आली, एवढ्या दोन तारखांवर वर्षभर पत्रव्यवहार चालू शकतो. ती नेमकी तीच पाखरं असतील असं मात्र समजू नका.

पक्षी नसला तर एक झाड निवडा. दोघांनी आपापलं एकेक, रोजच्या वाटेवरचं. पहिलं पान, पहिलं फूल, पहिली पानगळ यांच्या तारखा लिहा. ‘पहिलं फूल’ म्हणजे कळी फुटली ते, की पूर्ण उमललं ते, हे आधी ठरवा, नाहीतर तुलना फसते. इंग्लंडच्या नॉरफकमध्ये रॉबर्ट मार्शमनं १७३६ मध्ये अशा नोंदी सुरू केल्या आणि त्याच्या घराण्यानं त्या १९५८ पर्यंत चालवल्या.

पायरी ७ : रीतभात विचारताना ‘का’ टाळा

‘तुम्ही असं का करता?’ या प्रश्नाला आरोपाची धार असते, मग मनात कितीही निर्मळ कुतूहल असो. शिवाय खरं उत्तर बहुतेकांना ठाऊकच नसतं. आपल्यालाही आपल्या चालीरीतींचं नसतं. ‘कसं’, ‘कधी’, ‘कोण’ यांनी सुरुवात करा. पाहुणा निघतो म्हटल्यावर दारात आणखी किती वेळ बोलणं चालतं? वयानं मोठ्या शेजाऱ्याला काय म्हणून हाक मारता? लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असेल तर बोलतात, की आकडे बघत बसतात? नको असलेली गोष्ट न दुखावता नाकारायची तर कोणते शब्द वापरतात? हा शेवटचा प्रश्न लवकर विचारा. उत्तर ऐकल्यावर जुनी पत्रं पुन्हा वाचावीशी वाटतील, कारण त्यांतलं एखादं ‘बघू या’ मुळात नकार होता हे तेव्हा कळतं.

भाषांतराचं यंत्र वापरत असाल तर महत्त्वाचा शब्द मूळ लिपीतही मागून घ्या. यंत्र नात्यांची नावं आणि आदराची रूपं सपाट करून टाकतं, आणि नेमकी तीच तर आपल्याला हवी असतात.

धर्म, पगार, लग्न, राजकारण हे विषय कायमचे वर्ज्य नाहीत, पण ते समोरच्यानं उघडावेत. काही देशांत सरकारबद्दल लिहिलेलं एक वाक्य लिहिणाऱ्याला महागात पडू शकतं. प्रश्न विचारणारा सुरक्षित असतो, उत्तर देणारा नसतो. आम्ही एक खूण ठरवली आहे: प्रश्नापुढे नुसती फुली आली की तो प्रश्न गळाला. कारण विचारायचं नाही.

पायरी ८ : घरातल्या वडीलधाऱ्यांना सामील करून घ्या

हवामान बदललं का, हे मित्राला थेट विचारलंत तर तो बातम्यांतलं सांगेल. ‘तुझ्या आजीच्या लहानपणी नदी गोठायची का? त्यावरून चालत जायचे का?’ असं विचारा, आणि तो आजीला विचारून सांगेल. आठवणींना मर्यादा असतात. माणसाला सगळ्यांत वाईट हिवाळा लक्षात राहतो, साधा राहत नाही. म्हणून जिथे नोंदी असतील तिथे त्यांच्याशी ताडून पाहा. जपानमधल्या सुवा सरोवराचं गोठणं तिथले शिंतो पुजारी १४४३ पासून नोंदवत आले आहेत. क्योटोतल्या चेरीच्या बहराच्या तारखा जुन्या रोजनिशांमधून नवव्या शतकापर्यंत मागे नेता येतात, आणि २०२१ मध्ये तो २६ मार्चलाच भरात आला, तोपर्यंतच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकर.

मित्राच्या भागात पूर, वणवा किंवा भूकंप झाल्याची बातमी आली तर त्या आठवड्यात प्रश्न बंद. ‘सुखरूप आहेस ना?’ एवढं विचारायचं आणि वाट बघायची. पाऊस किती मिलिमीटर झाला हे नंतर.

पायरी ९ : काय पाठवू नये

बिया, माती, ताजी पानं, पिसं, शिंपले टपालानं पाठवू नका. बहुतेक देशांत त्यांवर निर्बंध असतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत, आणि कारण योग्य आहे: एका बीमागून कीड किंवा रोग येऊ शकतो. पानावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की शिरांसकट ठसा उमटतो, तो बिनधोक पाठवा. फोटो पाठवताना त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाका, विशेषतः घराचा किंवा दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचा असेल तर. मुलं लिहीत असतील तर पत्ता शाळेचा द्यावा आणि मोठ्यांना पत्रं दिसावीत.

पायरी १० : पत्रं थंडावली तर

थंडावतातच. साधारण चौथ्या-पाचव्या पत्रानंतर कुणाची तरी परीक्षा येते, कुणाचं घर बदलतं, आणि मग उशिराची लाज वाटून आणखी उशीर होतो. अशा वेळी लांबलचक पत्र लिहून समोरच्यावर ओझं टाकू नका, माफीनाम्यात तर शिरूच नका. पत्राच्या माथ्यावर लिहितो तसं लिहा: ढग किती, वारा किती, समोरच्या झाडाचं काय चाललंय. खाली एकच प्रश्न, ‘आत्ता या क्षणी तुझ्या खिडकीतून काय दिसतं? तीन ओळी.’ ट्रॉम्सोहून मला याचं उत्तर आठ महिन्यांनी आलं. ओळी तीनच होत्या, त्यांतली एक पूर्ण ओळ समोरच्या गच्चीवर घरटं करणाऱ्या सीगलबद्दल होती.